चालणाऱ्यांचे शब्द आणि कोड्यातली घरे

‘लांबची वाट पायी चालणारा, चार अक्षरे.’ शब्दकोड्यात असे सूत्र आले की अनुभवी माणसाचीही पेन्सिल क्षणभर थांबते. उत्तर येत नाही म्हणून नव्हे, तर एकदम अर्धा डझन उत्तरे सुचतात म्हणून. वाटसरू, वारकरी, यात्रेकरू, पदयात्री, पादचारी, मुशाफिर. सगळे चालणारे आणि सगळे चार घरांचे. यातला कोणताही एक घाईने लिहिला आणि तो चुकला, तर त्याला छेदणारे तीन-चार उभे शब्दही त्याच्यासोबत अडतात.

या लेखात अशा सूत्रांचा उलगडा कसा करायचा ते पाहू. मुख्य गोष्ट आधीच सांगतो. चालणाऱ्यांचे हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. प्रत्येक शब्दाला आपली वाट आहे, चालण्याचे आपले कारण आहे. तो कुठून निघाला, कशासाठी निघाला, कोणासोबत चालतो हे ज्याला माहीत आहे त्याला घरे मोजण्याआधीच उत्तर दिसू लागते. आणि आपण नागपूरकर तर अशा वाटांच्या मध्यावरच राहतो. पंढरीची वाट आपल्याकडून निघते, भूदानाची वाट शेजारच्या वर्ध्यातून निघाली आणि सातपुड्यातल्या महादेवाची वाट आपल्या उत्तरेला आहे.

आधी अक्षरे मोजा

आर्थर विन या पत्रकाराने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात पहिले आधुनिक शब्दकोडे छापले, तेव्हा एका चौकोनात एक रोमन वर्ण बसत होता. मराठीत एका घरात एक पूर्ण अक्षर बसते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर हे सगळे त्याच घरात. म्हणून ‘पांथस्थ’ तीन घरांचा (पां-थ-स्थ), ‘प्रवासी’ तीनच घरांचा (प्र-वा-सी), ‘परिव्राजक’ पाच घरांचा (प-रि-व्रा-ज-क) आणि ‘परिक्रमावासी’ सहा घरांचा (प-रि-क्र-मा-वा-सी). नवे लोक ‘स्थ’ किंवा ‘क्र’ दोन घरांत मोडतात आणि तिथेच गणित बिघडते.

चालणाऱ्यांच्या शब्दांत आणखी एक अडचण आहे. सूत्र एकवचनी आहे की अनेकवचनी, यावरून सहसा काही कळत नाही. एक वारकरी, दहा वारकरी. एक वाटसरू, दहा वाटसरू. पथिक, पांथस्थ, पदयात्री हे शब्दही अनेकवचनात तसेच राहतात. अपवाद ‘फिरस्ता’चा, त्याचे ‘फिरस्ते’ होते. तेव्हा ‘पायी चालणारे’ असे सूत्र दिसले म्हणून शेवटी ‘ए’कार शोधत बसू नका.

तिसरे घर आधी मिळवा

वर दिलेल्या सहा शब्दांपैकी योग्य कोणता हे ठरवायला छेदणारे उभे शब्द मदत करतात. पण चारही घरांची मदत सारखी नसते. पहिल्या घरात ‘वा’ मिळाला तर वाटसरू आणि वारकरी दोन्ही शिल्लक राहतात. शेवटचे घर त्याहून फसवे. ‘री’ वर वारकरी संपतो आणि पादचारीही. ‘रू’ वर वाटसरू संपतो आणि यात्रेकरूही. तिसरे घर मात्र खूप काही सांगते. तिथे ‘स’ असेल तर वाटसरू, ‘या’ असेल तर पदयात्री, ‘चा’ असेल तर पादचारी, ‘फि’ असेल तर मुशाफिर. ‘क’ आला तरच दोन शब्द उरतात, वारकरी आणि यात्रेकरू, आणि त्यांचा निकाल कोणतेही दुसरे घर लावते. म्हणून अशा सूत्रावर अडलात की त्याच्या तिसऱ्या घराला छेदणारा उभा शब्द आधी सोडवा.

छेदणारा शब्द मिळत नसेल तर सूत्राचा सूर ऐका. सूर काव्यमय असेल, झाडाच्या सावलीचा किंवा एकाकी वाटेचा उल्लेख असेल तर ‘वाटसरू’, आणि घरे तीन असतील तर ‘पथिक’ किंवा ‘पांथस्थ’. देवस्थानाचा उल्लेख आहे पण विठ्ठल किंवा पंढरपूर नाही, तर ‘यात्रेकरू’. आंदोलन, संकल्प, मागणी असे काही असेल तर ‘पदयात्री’. रस्ता ओलांडणे, पदपथ, सिग्नल असे शब्द असतील तर ‘पादचारी’. हा शहरातला चालणारा आहे, लांब पल्ल्याचा नाही. सूत्रात उर्दू-फारसी वळणाचा शब्द असेल, सराई किंवा मंजिल असेल, तर ‘मुशाफिर’.

‘करी’चे कुटुंब

शेवटी ‘करी’ येणारे चार अक्षरी शब्द मराठीत इतके आहेत की नुसत्या ‘करी’वर भिस्त ठेवणे धोक्याचे. वारीला जातो तो वारकरी. तुळशीची माळ घातली तो माळकरी. टाळ वाजवतो तो टाळकरी. वीणा गळ्यात घेऊन उभा राहतो तो वीणेकरी. फडाचा प्रमुख तो फडकरी. सोहळ्यात मानाचे स्थान असलेला तो मानकरी. आणि वारीशी संबंध नसलेले गावकरी, शेतकरी वेगळेच. यातले पहिले पाच एकाच दिंडीत भेटतात आणि म्हणूनच कोडे रचणारा त्यांचा वापर करतो. सूत्रातले क्रियापद नीट वाचा. ‘चालतो’ म्हटले की वारकरी, ‘वाजवतो’ म्हटले की टाळकरी, ‘धारण करतो’ म्हटले की माळकरी.

काही रचनाकार शब्द फोडून सूत्र देतात. उदाहरणार्थ, ‘आठवड्यातला एक आणि हत्ती, दोघे मिळून पंढरीला’. आठवड्यातला एक म्हणजे वार, ‘करी’ म्हणजे हत्ती, उत्तर वारकरी. अशा सूत्रात अर्थ सहसा एका टोकाला असतो आणि फोड दुसऱ्या टोकाला. ‘मिळून’, ‘जोडले तर’, ‘उलटले तर’, ‘मध्ये’ असे शब्द दिसले की फोड आहे असे समजा आणि ‘सोमवार, मंगळवार’ असा शब्दशः अर्थ लावत बसू नका.

‘वाट’ आणि ‘पाय’

‘वाट’ने सुरू होणाऱ्या शब्दांत एक जुनी फसगत आहे. वाटसरू चार घरांचा आणि वाटमाऱ्याही चार घरांचा (वा-ट-मा-ऱ्या). एक वाटेने जाणारा, दुसरा त्याला लुटणारा. ‘वाटेवर भेटणारा’ असे गुळमुळीत सूत्र असेल तर तिसरे घर मिळेपर्यंत लिहू नका. वाट दाखवणारा वाटाड्या तीन घरांचा, तो वेगळा ओळखू येतो.

‘पाय’चे कुटुंब याहून मोठे आहे. पायवाट, पायपीट, पायरव, पायताण, पायगुण, पायदळ हे सगळे चार घरांचे आणि सगळ्यांची पहिली दोन घरे सारखी. यात ‘पायदळ’ हा शब्द विदर्भातल्या माणसाने खास लक्षात ठेवावा. पुण्या-मुंबईच्या रचनाकारासाठी पायदळ म्हणजे पायी लढणारे सैन्य. आपल्याकडे ‘पायदळ आलो’ म्हणजे चालत आलो, आणि ‘पायदळ वारी’ म्हणजे पायी केलेली वारी. नागपुरात रचलेल्या कोड्यात ‘वाहनाशिवाय’ असे सूत्र आले तर हा अर्थ विसरू नका. उलट बाहेरच्या कोड्यात ‘सेनेचा एक भाग’ आले तर घरातला अर्थ बाजूला ठेवा.

एक शब्द, दोन वाटा

दोन अर्थांचे शब्द म्हणजे कोडे रचणाऱ्याचे आवडते भांडवल. चालण्याशी जोडलेले असे काही शब्द वहीत उतरवून ठेवावेत.

*दिंडी*: भजन करत निघालेला वारकऱ्यांचा मेळा. मोठ्या दरवाजातले लहान दार. एका वृत्ताचे नाव.

*तळ*: पालखीच्या मुक्कामाची जागा. भांड्याचा किंवा विहिरीचा खालचा भाग.

*पद*: पाऊल. हुद्दा. गायचे गीत. व्याकरणातला शब्द.

*चरण*: पाय. ओवी-अभंगाचा एक भाग.

*वारी*: नेमाने केलेली तीर्थयात्रा. ‘वारि’ असा ऱ्हस्व लिहिला तर संस्कृतात पाणी.

*पंथ* आणि *पांथ*: पंथ म्हणजे मार्ग आणि संप्रदाय, पांथ म्हणजे त्या मार्गाने जाणारा. एका कान्याचा फरक आणि अर्थ वेगळा.

*दिंडी* आणि *दांडी*: दोन्ही दोन घरांचे, दोन्हींत दुसरे घर ‘डी’ आणि दोन्हींचा संबंध चालण्याशी. साबरमतीहून १२ मार्च १९३० रोजी ७८ सहकाऱ्यांसह गांधीजी मिठाच्या सत्याग्रहासाठी निघाले ते दांडीला. टाळ-मृदंग, पताका, तुळस असे काही असेल तर दिंडी. मीठ, समुद्र, कायदेभंग असेल तर दांडी. आणि ‘शाळेला न जाणे’ असेल तरीही दांडीच.

वाटा माहीत असल्या की उत्तरे सापडतात

लांब पल्ल्याच्या चालण्यावरची बरीच सूत्रे गावांच्या आणि संतांच्या जोड्यांवर बेतलेली असतात. आषाढीला पंढरपुरात पोचणाऱ्या पालख्यांची यादी पाठ असेल तर अर्धे काम होते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून (३), तुकाराम महाराजांची देहूहून (२), एकनाथांची पैठणहून (३), सोपानकाकांची सासवडहून (४), निवृत्तिनाथांची त्र्यंबकेश्वरहून (५), मुक्ताबाईंची मुक्ताईनगरहून (६). कंसातले आकडे घरांचे आहेत. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज आणि आळंदीच्या सोहळ्याला आजचे रूप देणारे हैबतबाबा आरफळकर ही नावेही सूत्रांत येतात. वाटेवरच्या खुणांपैकी रिंगण (३), दिवे घाट आणि पहिल्या उभ्या रिंगणाचे ठिकाण ‘चांदोबाचा लिंब’ एवढ्या तरी लक्षात ठेवाव्यात.

आपल्या विदर्भाची पालखी मात्र सूत्रांत क्वचित दिसते, ती आपण ध्यानात ठेवू. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी असलेले कौंडण्यपूर (५) हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते आणि तिथून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला जाते. ही परंपरा १५९४ पासूनची सांगतात. शेगावची (३) गजानन महाराजांची पालखीही साधारण महिनाभर पायी चालून पंढरपूर गाठते. आणि ज्यांना पंढरपूरला जाता येत नाही ते नागपूर जिल्ह्यातल्या धापेवाड्याला जातात. ‘विदर्भाची पंढरी’ असे सूत्र आले की हे चार घरांचे नाव डोळे मिटून लिहावे. तिथल्या नदीचे नावही चंद्रभागाच आहे.

नागपूरकरांचे पाय आणखी दोन वाटांना ओळखतात. नवरात्रात रात्रीच्या वेळी शहरातून कितीतरी लोक चालत कोराडीच्या (३) जगदंबेला जातात. श्रावणात नागपंचमीच्या सुमारास सातपुड्यात पचमढीजवळ नागद्वारची यात्रा भरते, तिलाही विदर्भातून मोठी गर्दी असते. अशा यात्रांची सूत्रे मुंबईच्या कोड्यात मिळणार नाहीत. ती आपणच रचायला हवीत.

भक्तीपलीकडच्या वाटाही आहेत. विनोबा भावे १९५१ च्या मार्चमध्ये वर्ध्याहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले. परिषद आटोपून तेलंगणात फिरताना १८ एप्रिलला पोचमपल्लीत त्यांना जमिनीचे पहिले दान मिळाले आणि भूदानाची (३) पदयात्रा सुरू झाली. ती जवळपास तेरा वर्षे चालली. शंभर वर्षांहून आधी असाच एक लांब पल्ल्याचा माणूस आपल्या भागात येऊन थांबला होता. दक्षिणेकडून हिंदुस्थानची जमीन मोजत उत्तरेकडे निघालेल्या विल्यम लॅम्ब्टनचा मृत्यू १८२३ मध्ये हिंगणघाटला (५) झाला. त्याची कबर तिथेच आहे. ‘त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या प्रमुखाचे समाधिस्थान’ असे सूत्र एखाद्या कोड्यात आले, तर उत्तर वर्धा जिल्ह्यातच शोधा.

धर्मपरंपरांनीही चालण्याला नेमके शब्द दिले आहेत. बुद्ध आणि भिक्खू संघाची पायी भ्रमंती म्हणजे चारिका (३), आणि पावसाळ्यात एका जागी राहणे म्हणजे वर्षावास (४). संन्यासी फिरता असेल तर परिव्राजक. नर्मदेला उजव्या हाताला ठेवून, तिचे पात्र न ओलांडता पूर्ण प्रदक्षिणा घालतो तो परिक्रमावासी. पुस्तकांवरची सूत्रेही याच वाटांवर सापडतात. गो. नी. दांडेकरांचे ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आणि जगन्नाथ कुंटे यांचे ‘नर्मदे हर हर’ ही दोन्ही नर्मदेच्या वाटेवरची. विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ हे १८५७ च्या धामधुमीतले. इरावती कर्वे यांचा वारीवरचा लेख ‘वाटचाल’, जो ‘परिपूर्ती’त आहे.

ऱ्हस्व-दीर्घाचा उपयोग

शुद्धलेखन हे कोडे सोडवणाऱ्याच्या हातातले साधन आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटचा इ-कार, उ-कार दीर्घ लिहायचा. म्हणून वाटसरू, यात्रेकरू, पदयात्री यांच्या शेवटच्या घरात दीर्घच असणार, आणि त्याला छेदणाऱ्या शब्दातही त्या जागी ‘रू’ किंवा ‘त्री’ हवा. शब्दाचे शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इ-कार, उ-कार मराठी शब्दात दीर्घ असतो, जसे ‘पायपीट’. पण ‘पथिक’ हा तत्सम शब्द, तिथे ‘थि’ ऱ्हस्वच. छेदणाऱ्या शब्दामुळे त्या घरात ‘थी’ येत असेल तर पथिक हे उत्तर नाही, किंवा तो दुसरा शब्द चुकला आहे. मुशाफिर-मुसाफिर अशी दोन रूपे चालणारा शब्द आला तर दुसरे घर पेन्सिलीने हलके लिहा आणि छेदणाऱ्या शब्दाला निर्णय करू द्या.

संशय आला तर कोश उघडा. दाते-कर्वे यांचा सात खंडांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२-३८) जुन्या आणि प्रादेशिक शब्दांसाठी आजही उपयोगी आहे. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) प्रवासाच्या जुन्या शब्दांनी समृद्ध आहे, कारण त्या काळी बहुतेक लोक चालतच जात होते. मात्र आधी स्वतः प्रयत्न करा. कोश पडताळण्यासाठी आहे, उत्तर उतरवून घेण्यासाठी नाही.

स्वतः रचणार असाल तर

शाळेच्या हस्तलिखितासाठी, वसाहतीच्या गणेशोत्सवासाठी किंवा दिवाळी अंकासाठी कोडे रचायचे असेल तर एक नियम पाळा. प्रत्येक सूत्राला एकच न्याय्य उत्तर हवे. पूर्वी बक्षिसांच्या शब्दकोड्यांचा मोठा बाजार होता. अनेकदा त्यात दोन शब्द सारखेच बसत आणि कोणता लिहायचा हे नशिबावर राही. त्यातूनच १९५५ चा बक्षीस-स्पर्धांचा कायदा आला. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते, तिला जुगार म्हणता येणार नाही. घरगुती कोड्यालाही हीच कसोटी लावा. ‘पायी चालणारा’ एवढेच लिहिले तर सोडवणारा नशिबावर सोडला जातो. ‘पंढरीला नेमाने पायी जाणारा’ लिहिले की त्याच्या बुद्धीला न्याय मिळतो.

सरावासाठी

१. वाटेत खायला बांधून घेतलेले अन्न (३)
२. शंकर आणि तुरुंग एकत्र आले की जुन्या काळी टपाल पोचवणारा (४)
३. ज्ञानासाठी मुलूखभर फिरणे (४)
४. एक प्रकारची होडी, किंवा प्रवासातला मुक्काम (३)
५. पायी निघालेल्या विनोबांचा वर्ध्याजवळचा आश्रम इथे (४)
६. जैन साधू पायी करतात तो, भिक्खू राहतात तो (३)
७. एका दिवसात चालून कापलेली वाट (३)
८. वाट दाखवणारा (३)

उत्तरे: १. शिदोरी. २. हरकारा (हर म्हणजे शंकर, कारा म्हणजे तुरुंग). ३. देशाटन. ४. पडाव. ५. पवनार. ६. विहार. ७. मजल. ८. वाटाड्या.

आता एक काम करा. तुमच्या घरात कोणीतरी लांब चालले असेल. आजी धापेवाड्याला गेली असेल, काका नागद्वारला, एखादे नातेवाईक शेगावच्या पालखीसोबत. त्यांना त्या वाटेवरचे शब्द विचारा. मुक्कामाला ते काय म्हणत, पुढे चालणाऱ्याला काय म्हणत, थकून मागे राहिलेल्याला कोणते नाव होते. त्यातला एक शब्द निवडून सूत्र लिहा, घरे मोजा आणि घरातल्या लहान मुलाला सोडवायला द्या. तो शब्द कोशात सापडला नाही तर वहीत त्याचा अर्थ, गाव आणि सांगणाऱ्याचे नाव लिहून ठेवा. अशा वह्यांतूनच पुढचे कोशकार शब्द उचलतात, आणि वऱ्हाडी-नागपुरी वाटांचे असे कितीतरी शब्द अजून कोणी लिहून घ्यायचे आहेत.